टोलीतली पहिली इंजिनिअर

गिरडच्या शाळेला अकरावी-बारावीचं विज्ञान जोडून चार वर्षं झाली होती, आणि त्या चार वर्षांत महादेवराव निखाडे सरांनी मनाशी एकच गोष्ट धरली होती. आपल्या हाताखालून एक तरी इंजिनिअर निघाला पाहिजे.

ही इच्छा जुनी होती. देवळीला त्यांच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं. मॅट्रिक झाल्यावर महादेवरावांना पॉलिटेक्निकला जायचं होतं, पण दुकानात कोण बसणार म्हणून वडिलांनी फॉर्मच भरू दिला नाही. पुढे भांडून-रुसून ते बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले आणि गणित-फिजिक्सचे मास्तर होऊन गिरडला आले. मास्तर म्हणून ते चांगले होते. सकाळी सातला जादा तास घेत, त्याचा एक पैसा घेत नसत. दर फेब्रुवारीत बारावीच्या निरोप समारंभात ते तळमळीने बोलत. शिक्षण, परिश्रम आणि श्रद्धा, या तीन गोष्टी ज्याच्याजवळ आहेत त्याला भविष्याची भीती नाही, असं ते सांगायचे. पोरंही गंभीर होऊन ऐकायची.

१९९८ च्या जूनमध्ये बारावीचा निकाल लागला. रिंकू कुमरेला सहाशेपैकी चारशे एकतीस मार्क पडले. रिंकू पुनाजी कुमरेची मुलगी. गिरडपासून चार कोसांवर जंगलाच्या काठाला गोंडांची वीस-बावीस घरांची टोली होती, तिथली. बाप वनखात्याच्या रोपवाटिकेत रोजीने जायचा, आई बायजा मोहफुलं, तेंदूपत्ता, जे हंगामाला मिळेल ते वेचायची. रिंकू दोन वर्षं गिरडच्या वसतिगृहात राहून शिकली. वर्गात कधी हात वर करायची नाही, पण वही तपासायला घेतली की सरांना लाल पेन उघडावं लागत नसे.

निकालानंतर तीन आठवड्यांनी पुनाजी शाळेत आला. हातात तपकिरी पाकीट होतं.

"सर, हे पोट्टीचं पत्र आलं वर्ध्याहून. डी.एड.ले नंबर लागला म्हनते. कोनते कोनते कागद लागतीन, थे पाहून द्या."

सरांनी पत्र वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

"पुनाजी, चारशे एकतीस मार्क घेऊन हे पोरगी मास्तरीण होईन? पहिलीच्या लेकरायले अ-आ-ई शिकवन?"

"तुमीबी मास्तरच ना सर," पुनाजी हसून म्हणाला. त्याला वाटलं सर गंमत करून राह्यले.

सर हसले नाहीत. "म्हणूनच सांगतो. माझं राहून गेलं. तिचं राहू देऊ नको. नागपूरले इंजिनिअरिंगले हिचा नंबर लागते. फीस माफ, हॉस्टेल, स्कॉलरशिप, सगळं सरकार देते. तुमच्या अख्ख्या टोलीत असं कोणी झालं काय आजपर्यंत?"

पुनाजीने मान हलवली, पण पाकीट परत घेऊन गेला. त्याच वर्गातला भूपेंद्र, गिरडच्या किराणा दुकानदाराचा मुलगा, रिंकूपेक्षा चौदा मार्क कमी पडलेला, त्यालाही डी.एड.चं पत्र आलं होतं. तो कागद घेऊन दुसऱ्याच दिवशी वर्ध्याला गेला. त्याला सरांनी काही म्हटलं नाही.

रिंकूसाठी मात्र ते तीनदा टोलीवर गेले. पहिल्यांदा पुनाजी घरी नव्हता. दुसऱ्यांदा होता, पण दोन्ही बाजूंनी नुसतंच बोलणं झालं. तिसऱ्यांदा बायजानं सगळ्यांना टेकडीवर नेलं. मुलगी पास झाली तर शेख फरीदबाबाच्या दर्ग्यावर चादर चढवीन असं ती बोलली होती. सरही बरोबर पायऱ्या चढले. चादर चढवून झाल्यावर सगळे झाडाच्या सावलीला बसले आणि सरांनी पुन्हा विषय काढला.

बायजानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गुर्जी, वर्धा जवळ आहे. शनवारी घरी येईन, सोमवारी जाईन. नागपूरले थे कोनासंग बोलन? हिले तं इथं वर्गातबी बोलता येत नाई म्हनता तुमी."

"येईन सवय. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, बाई."

बायजा मुलीकडे वळून गोंडीत काहीतरी बोलली. रिंकूने थोडक्यात उत्तर दिलं.

"काय म्हणते?" सरांनी विचारलं.

रिंकूनंच सांगितलं, "सर म्हनतीन तसं करू, असं म्हटलं."

सरांना त्या दिवशी फार आनंद झाला. ते उत्तर देताना मुलीची नजर आईच्या तोंडावर होती, आणि आई दुसरीकडे पाहत होती, हे त्यांनी पाहिलं नव्हतं असं नाही. त्याचा अर्थ त्यांनी आपल्या सोयीने लावला. मुलगी लाजाळू आहे, एवढाच.

ऑगस्टमध्ये सर स्वतः तिला नागपूरला घेऊन गेले. फॉर्म भरले, टीसी आणि मार्कशीट, सगळे मूळ कागद कॉलेजात जमा केले, हॉस्टेलची खोली पाहिली, बादली-मग घेऊन दिला. परत येऊन तिचा फोटो शाळेच्या फलकावर लावला. खाली स्वतःच्या हातानं सुंदर अक्षरात लिहिलं : टोलीतली पहिली इंजिनिअर. अजून व्हायची होती, पण सरांना तेवढा धीर नव्हता.

पहिलं पत्र दिवाळीच्या आधी आलं. 'सर, इथे सगळं इंग्रजीत शिकवतात. सुरुवातीला कळत नाही पण मी प्रयत्न करत आहे.' सरांनी चार पानी उत्तर लिहिलं. रोज पाच शब्द पाठ कर, पहाटे उठ, वेळापत्रक आख. दुसरं पत्र जानेवारीत आलं, ते लहान होतं. पहिल्या परीक्षेत दोन विषय गेले आहेत, ड्रॉईंगचं काही समजत नाही, बाकीच्या मुली शिकवणीला जातात. सरांनी उत्तरात लिहिलं की अपयशाने खचू नये.

फेब्रुवारीत पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच ओळी होत्या. 'सर, एकदा येऊन जाता का? काही विचारायचं आहे.'

सरांनी कार्डावरच उत्तर पाठवलं. 'परिश्रम कर आणि श्रद्धा ठेव. बोर्डाच्या परीक्षा आटोपल्या की येतो.'

आणि ते गेलेही. म्हणजे नागपूरला गेले. एप्रिलमध्ये त्यांच्या मुलीचं, आचलचं लग्न निघालं होतं. साड्या घ्यायला ते आणि पत्नी मंदाबाई सकाळच्या बसने तिथल्या इतवारी बाजारात गेले. दिवसभर दुकानं फिरून दोघं थकले. हातात चार पिशव्या होत्या. रसवंतीत बसल्यावर मंदाबाई म्हणाल्या, "रिंकूले भेटून येऊ काय? बोलावलं होतं ना तिनं?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "आता हॉस्टेलवर जायचं म्हणजे एक तास. साडेपाचची बस चुकन."

"मंग सातची आहे ना."

"इतकं ओझं घेऊन? पाहू नंतर. परीक्षा तोंडावर आहे तिची, उगाच मन विचलित होईन."

मंदाबाईंनी पिशव्या उचलल्या. साडेपाचच्या बसमध्ये खिडकीजवळ जागाही मिळाली.

रिंकू वर्षाअखेर सहा विषयांत नापास झाली. वर्ष गेलं. तिनं कुणाला कळवलं नाही. एक दिवस टिनाची पेटी घेऊन टोलीवर परत आली, एवढंच. पुनाजी शाळेत सांगायला आला तेव्हा १९९९ चा ऑगस्ट लागला होता.

"पोरगी घरी आली सर. काई बोलतच नाई. जेवते, काम करते, झोपते."

सरांना वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर राग आला. तो रिंकूचा होता की स्वतःचा, हे त्यांना तेव्हा उमगलं नाही. "तिले शाळेत पाठव. मी बोलतो तिच्याशी," ते म्हणाले.

रिंकू आली नाही. सर वाट पाहत राहिले, आणि वाट पाहिली म्हणजे आपलं काम झालं असं त्यांना हळूहळू वाटू लागलं. पाऊस होता, रस्ता चिखलाचा होता. मग घटक चाचण्या आल्या. मग दिवाळी. टोली चारच कोस होती, पण ज्या वाटेनं ते तीनदा गेले होते त्या वाटेनं त्यांची सायकल काही वळली नाही.

फलकावरचा फोटो मात्र तसाच राहिला. काढायचा तर कुणीतरी विचारणार, काऊन काढला? आणि निरोपाच्या भाषणातही तिचं नाव येत राहिलं. "आपल्या शाळेतली रिंकू कुमरे, टोलीतली मुलगी, उठून नागपूरला इंजिनिअरिंगला गेली!" पोरं टाळ्या वाजवायची. वाक्य खोटं नव्हतं. फक्त अर्ध्यावर थांबत होतं.

असं तीन वर्षं चाललं. २००२ च्या निरोप समारंभात सरांनी ते वाक्य उच्चारलं, टाळ्या झाल्या, आणि शेवटी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाला काही शंका?"

दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. सपना कुमरे. पुनाजीच्या भावाची मुलगी.

"सर, रिंकूताई तं घरीच आहे. तिसरं वर्ष चालू आहे तिले घरी. तुमी दरवर्षी तिचं नाव घेता, तं टोलीतले लोक तिले इंजिनिअर म्हनून चिडवते. नका घेऊ ना सर."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, विनंतीच होती. सभागृहात मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सर "बस" म्हणाले. समारंभ कसा संपला ते त्यांना आठवत नाही. सगळे गेल्यावर त्यांनी फलकाची काच सरकवली आणि फोटो काढला. खालचा कागद खळीनं पक्का चिकटला होता. तो निघेना, म्हणून नखाने खरवडत बसले.

बोर्डाच्या परीक्षा संपल्या त्या आठवड्यात ते टोलीवर गेले. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. रिंकू ती हाताने पसरवत बसली होती. सरांना पाहून उठली, पदराला हात पुसले, खाट आणून टाकली.

"बसा सर. बाबा कामावर गेले. आई रानात गेली."

तिने पाणी दिलं. सर प्यायले. काय बोलायचं ते येताना सायकलवर ठरवलं होतं, पण आता त्यातलं काही सापडेना.

"तू कळवलं काऊन नाही रिंकू? इतका त्रास होता तर."

"कळवलं होतं ना सर," ती म्हणाली.

मग तीच हळूहळू बोलू लागली. तीन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं बहुतेक.

"मले समजेच नाई सर, काय चालून राह्यलं ते. फळ्यावरचं सगळं उतरवून घेऊ, अन् खोलीवर आली की डिक्शनरी घेऊन बसू. एका पानाले एक तास लागे. तवापर्यंत दुसऱ्या दिवशीचे वीस पानं होऊन जात. पोरी वाईट नव्हत्या. पन एक-दोघी म्हनत, तुले काय, तुले तं सीट अशीच भेटली. मंग म्या कोनाले काई विचारनंच सोडून देल्लं."

"थोडी अजून मेहनत..." सवयीने सरांच्या तोंडून निघालं.

"केली ना सर. तुमी सांगितली तेवढी केली. श्रद्धाबी ठेवली. पहाटे चारले उठू." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सरांना सहन होईना. "वर्ग सुटला की वाटे, कोनी ओळखीचं माणूस गेटवर उभं असन. कधी कधी गेटवर जाऊन पाहू."

मोहफुलांवर माशा बसत होत्या. तिने त्या हाकलल्या.

"मग परत आल्यावर डी.एड.चा फॉर्म काऊन नाही भरला? तेवढे मार्क होते तुझे."

"भरत होती. दोन हजार साली बाबानं फॉर्म आनला. पन टीसी, मार्कशीट, सगळं त्या कॉलेजात होतं. आनाले जा लागे. मले तिथं एकटीनं पाय ठेवायची हिंमत नाई झाली सर. अन् बाबाले तिथं कोनी उभं केलं नसतं. बाबा म्हने, सरायले विचारू, सर संग येतीन. म्या म्हटलं नको."

"अगं, मी आलो असतो!"

रिंकूने पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "मले इंजिनिअर बनवाचं होतं तवा तुमी तीनदा टोलीवर आले सर. नापास झाली तं एकदाबी नाई आले. मंग मले वाटलं, तुमाले लाज वाटत असन माही."

लाज वाटत होती हे खरंच होतं, पण कुणाची, ते सांगायला तीन वर्षं उशीर झाला होता. "चुकलं माझं, पोरी," ते एवढंच म्हणाले. तिने मान खाली घातली आणि चहा ठेवायला आत गेली.

दुसऱ्याच सोमवारी सर पुनाजीला घेऊन नागपूरला गेले. रिंकू आली नाही, तिने सही करून अर्ज दिला. कॉलेजच्या कार्यालयातल्या बाबूंनी अर्ज वाचला, रजिस्टर पाहिलं, लोखंडी कपाट उघडलं. गठ्ठ्यातून कागद काढून टेबलावर ठेवले. मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला. सगळं जसंच्या तसं होतं.

"घ्या. इतके दिवस कोणी आलंच नाही न्यायला," बाबू म्हणाले.

अकराला ते आत गेले होते. बाराला बाहेर आले. पुनाजी कागद छातीशी धरून पायऱ्यांवर उभा राहिला आणि म्हणाला, "एवढंच होतं काय सर?" त्याला टोमणा मारायचा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं.

त्या वर्षी डी.एड.चा फॉर्म सरांनी स्वतः भरला, स्वतः वर्ध्याला नेऊन दिला. पण चार वर्षांत जग कुठल्या कुठे गेलं होतं. नोकरी पक्की म्हणून जो तो डी.एड.च्या मागे लागला होता, आणि ज्या मार्कांना ९८ साली घरबसल्या पत्र आलं होतं त्या मार्कांना आता प्रतीक्षा यादीत नववा नंबर मिळाला. सहाव्या नंबरापर्यंत बोलावणं आलं. सर तीन वेळा वर्ध्याला जाऊन यादी पाहून आले. तिसऱ्यांदा तिथल्या शिपायानंच सांगितलं, "सर, आता काई होत नाई."

पुढच्या उन्हाळ्यात रिंकूचं लग्न झालं. नवरा कार्तिक मडावी, वडनेरजवळच्या एका खेड्यात ट्रॅक्टर चालवायचा. मुलगा सरळ होता. सर आणि मंदाबाई लग्नाला गेले. परतताना मंदाबाई म्हणाल्या, "नवरा चांगला भेटला तिले." सर हो म्हणाले. इतवारीतल्या त्या दिवसाबद्दल मंदाबाईंनी आयुष्यात एकदाही शब्द काढला नाही, आणि सरांना वाटायचं, काढला असता तर बरं झालं असतं.

२००७ मध्ये महादेवराव निवृत्त झाले आणि देवळीला राहायला गेले. शेवटची पाच वर्षं त्यांनी निरोपाचं भाषण केलं नाही. कुणी आग्रह केला की म्हणायचे, घसा बसला आहे. मुलांचे दाखले, फॉर्म, बसचं वेळापत्रक यातच ते गुंतलेले असत. पण रिंकूचं काय करायचं ते त्यांना कधी सुचलं नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात एक दिवस ते उठले आणि वर्धा, हिंगणघाट करत तीन बस बदलून वडनेरजवळच्या त्या खेड्यात रिंकूच्या घरी गेले.

रिंकूने ओळखलं, हसली, आत बोलावलं. अंग भरलं होतं. तिला साडेतीन वर्षांची मुलगी होती, दारातल्या पायरीवर खडूने रेघोट्या ओढत होती. गावच्या जिल्हा परिषद शाळेत कोण शिक्षक आहेत, असं सरांनी विचारलं.

"भूपेंद्र सर आहे ना. आपल्या वर्गातला. लय चांगला शिकवते. माही पोरगी त्याच्याच हाताखाली जाईन."

'भूपेंद्र सर' हे तिने इतकं सहज म्हटलं की महादेवराव खाली पाहू लागले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "रिंकू, एक म्हणतो. हिला शाळेत घालायची वेळ आली की देवळीला आमच्याकडे पाठव. घर मोकळं आहे. मंदा आहे, मी आहे. इंग्रजी पहिलीपासून पक्की करून घेतो. हिला कुठं अडचण येणार नाही. जे तुझं..."

"नाई सर," रिंकू म्हणाली.

ती रागावली नव्हती. तिने मुलीच्या हातातला खडू काढून घेतला, कारण तो तोंडात चालला होता, आणि मुलीला मांडीवर घेतलं.

"थे माह्यापाशीच राहीन. जे काई व्हायचं थे इथंच होईन. मी पाहीन तिचं."

"हो," सर म्हणाले. "बरोबर आहे." आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आजही त्यांनी तिला काय वाटतं ते विचारलं नव्हतं. बसल्या बसल्या ठरवून टाकलं होतं.

चहा झाला. तिने सरांच्या पाया पडून निरोप दिला. "मंदाकाकूले नमस्कार सांगजा," म्हणाली, "एकदा घेऊन येजा त्याहिले."

बसथांब्याकडे चालताना मागून मोटारसायकल आली. भूपेंद्र होता. शाळा सुटली होती. त्याने सरांना ओळखून आनंदाने मागे बसवलं, आणि बदलीचं कसं चाललंय, वेतन आयोगाचं काय होईल, पोरांना गणितात कशी गोडी नाही, हे सगळं वाऱ्यात मोठ्याने सांगत राहिला. दोन्ही बाजूंना तुरी फुलल्या होत्या. सर मागून हो-हो म्हणत होते.

"अन् रिंकूकडं आलते काय सर?" भूपेंद्रने विचारलं. "हुशार होती हो. आपल्या वर्गात सगळ्यात हुशार होती थे. नाई का सर?"

"होती," महादेवराव म्हणाले. थांब्यावर हिंगणघाटची बस लागलेलीच होती.